परिचर्या परवाना परीक्षेचा निकाल आणि प्रत्यक्ष सेवेतील कार्यगुणवत्ता : परस्परसंबंधाचे विवेचन

गोषवारा

परिचर्या व्यवसायात प्रवेश देणाऱ्या परवाना परीक्षेचा निकाल आणि परिचारिकेची पुढील काळातील कार्यगुणवत्ता यांच्यातील संबंधाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अमेरिकेतील 'एनक्लेक्स' ही परीक्षा विवेचनाचा मुख्य आधार असून कॅनडा व फिलिपिन्स येथील अनुभवांचा तुलनेसाठी विचार केला आहे. परवाना परीक्षा ही किमान पात्रतेचा उंबरठा ठरविणारी परीक्षा आहे. तिच्या निकालावरून परिचारिकांची किंवा संस्थांची गुणानुक्रमे मांडणी करणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : परिचर्या शिक्षण, परवाना परीक्षा, कार्यगुणवत्ता, सप्रमाणता, रुग्णसुरक्षा.

१. प्रस्तावना

रुग्णाला आपला डॉक्टर निवडता येतो. आपली परिचारिका मात्र त्याला निवडता येत नाही. रात्रपाळीत त्याच्या खाटेशी कोण असेल, शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाची मात्रा कोण तपासेल, श्वासाची गती बदलल्याचे प्रथम कोणाच्या लक्षात येईल, हे रुग्णालयाचे कामाचे वेळापत्रक ठरविते. निवडीचा अधिकार नसलेल्या या रुग्णाच्या वतीने शासनाने दिलेली हमी म्हणजे परिचारिकेचा परवाना होय. ही हमी ज्या परीक्षेवर उभी असते त्या परीक्षेचा निकाल प्रत्यक्ष कामाविषयी किती सांगतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ परीक्षाशास्त्राचा राहत नाही.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. अपात्र व्यक्ती उत्तीर्ण झाल्यास रुग्णाच्या जिवाला धोका संभवतो. पात्र व्यक्ती अनुत्तीर्ण झाल्यास तिची अनेक वर्षांची मेहनत, शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि उपजीविका पणाला लागते, आणि मनुष्यबळाच्या तुटवड्यामुळे अंतिमतः हानी पुन्हा रुग्णाचीच होते. दोन्ही चुका टाळावयाच्या तर निकालाचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) परवाना परीक्षेचा उगम, स्वरूप व निकालाचा अर्थ स्पष्ट करणे.
२) निकाल व कार्यगुणवत्ता यांतील संबंध मोजण्यात येणाऱ्या अडचणींची चिकित्सा करणे.
३) उपलब्ध संशोधनाच्या आधारे या संबंधाचे स्वरूप व मर्यादा सांगणे.
४) भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील परिचर्या शिक्षणाच्या संदर्भात त्यातून मिळणारा बोध मांडणे.

३. परवाना परीक्षेचा उगम व विकास

अमेरिकेत परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने केला. त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क व व्हर्जिनिया या राज्यांनीही असे कायदे केले. प्रारंभीच्या या कायद्यांनी 'नोंदणीकृत परिचारिका' या बिरुदाला संरक्षण दिले. नोंदणीशिवाय परिचर्येचे काम करण्यास मात्र त्यांनी बंदी घातली नव्हती. सक्तीच्या परवान्याचा कायदा प्रथम न्यूयॉर्क राज्याने १९३८ मध्ये संमत केला.

राज्यागणिक परीक्षा वेगळी असल्याने एका राज्यातील परिचारिकेला दुसऱ्या राज्यात काम करणे कठीण जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिकांची मागणी वाढली आणि १९४४ पासून राज्यांनी सामाईक प्रश्नसंग्रहावर आधारित परीक्षा घेण्यास प्रारंभ केला. वैद्यकीय, शल्य, प्रसूती, बाल व मानसोपचार परिचर्या अशा पाच विषयांचे स्वतंत्र गुण या परीक्षेत दिले जात. १९७८ मध्ये राज्य परिचर्या मंडळांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि १९८२ पासून 'एनक्लेक्स' ही एकात्मिक परीक्षा सुरू झाली. तिचे गुण आरंभी संख्येत कळविले जात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बंद होऊन निकाल केवळ 'उत्तीर्ण' अथवा 'अनुत्तीर्ण' असा दिला जाऊ लागला.

हा बदल प्रशासकीय सोयीपुरता नव्हता. परवाना परीक्षेने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते: ही व्यक्ती व्यवसायात प्रवेश करण्याइतकी सुरक्षित आहे काय? कोण अधिक चांगली आणि कोण कमी, हा तिचा प्रश्न नाही. गुण छापले तर रुग्णालये भरतीसाठी त्यांचाच वापर करतील आणि जे मोजण्यासाठी परीक्षा रचलेलीच नाही ते तिने मोजले असा समज रूढ होईल, ही भीती रास्त होती.

४. निकाल नेमके काय सांगतो?

एप्रिल १९९४ पासून एनक्लेक्स परीक्षा संगणकानुकूलित पद्धतीने घेतली जाऊ लागली. या पद्धतीत सर्व परीक्षार्थींना समान प्रश्नपत्रिका मिळत नाही. प्रत्येक उत्तरानंतर संगणक परीक्षार्थीच्या क्षमतेचा नव्याने अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाजवळच्या काठिण्यपातळीचा पुढील प्रश्न निवडतो. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा. परिणामी हुशार परीक्षार्थी असो वा सीमारेषेवरील, दोघांचीही सुमारे निम्मीच उत्तरे बरोबर येतात. फरक असतो तो प्रश्नांच्या काठिण्यात. 'किती टक्के गुण मिळाले' हा आपल्याकडील परिचित प्रश्न येथे निरर्थक ठरतो.

परीक्षार्थीची क्षमता उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, हे ९५ टक्के खात्रीने सांगता आले की संगणक परीक्षा थांबवितो. म्हणजे परीक्षेची सर्व अचूकता त्या एका रेषेभोवती केंद्रित केलेली असते. रेषेच्या बऱ्याच वर असलेल्या दोन परीक्षार्थींमध्ये श्रेष्ठ कोण, हे शोधण्याचा यंत्रणा प्रयत्नच करीत नाही. नदीला उतार आहे की नाही हे पाहण्यासाठी पाण्यात रोवलेल्या काठीने नदीची लांबी मोजता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

ही रेषा कोठे ओढावयाची हे तज्ज्ञांच्या समितीकडून ठरविले जाते. 'जेमतेम पात्र' अशी नवोदित परिचारिका डोळ्यांसमोर आणून, ती प्रत्येक प्रश्न सोडविण्याची शक्यता किती, याचा अंदाज तज्ज्ञ देतात. अन्य माहितीही विचारात घेऊन नियामक परिषद अंतिम निर्णय घेते. २०१३ मध्ये ही रेषा ०.०० लॉजिट या पातळीवर निश्चित झाली व २०२३ मध्ये तीच कायम ठेवण्यात आली. परीक्षेचा आशय ठरविण्यासाठी साधारणतः दर तीन वर्षांनी नव्याने परवाना मिळालेल्या परिचारिकांचे सर्वेक्षण केले जाते. कोणते काम त्यांना किती वेळा करावे लागते आणि रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने ते किती महत्त्वाचे आहे, हे विचारून प्रश्नांचे भारांश ठरतात.

यावरून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. परीक्षेची सप्रमाणता मुख्यतः आशयाच्या आधारे सिद्ध केली जाते, भाकिताच्या आधारे नव्हे. मायकेल केन यांनी १९८२ मध्ये परवाना परीक्षांच्या सप्रमाणतेविषयी लिहिताना हाच मुद्दा मांडला होता. परवाना परीक्षा व्यवसायासाठी आवश्यक अशा कळीच्या क्षमता तपासते. त्या नसतील तर काम सुरक्षितपणे होणार नाही; पण त्या आहेत म्हणून काम उत्तमच होईल असे नाही. तर्कशास्त्राच्या भाषेत उत्तीर्णता ही आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे.

५. कार्यगुणवत्ता मोजण्यातील अडचण

दोन गोष्टींतील संबंध शोधावयाचा तर दोन्ही गोष्टी मोजता यावयास हव्यात. परीक्षेची बाजू बरीच काटेकोर आहे. कार्यगुणवत्तेची बाजू मात्र तशी नाही.

परिचारिकेची कार्यगुणवत्ता सामान्यतः तीन प्रकारे मोजली जाते. पहिला प्रकार म्हणजे वरिष्ठांनी केलेले मूल्यमापन. ते सर्वांत सुलभ आणि बहुधा सर्वांत कमकुवतही आहे. विश्वेश्वरन, ओन्स व श्मिट यांनी १९९६ मध्ये विविध व्यवसायांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा एकाच कर्मचाऱ्याच्या एकूण कामाबद्दल दोन पर्यवेक्षकांनी दिलेल्या श्रेणींची परस्पर विश्वसनीयता सुमारे ०.५२ एवढीच आढळली. दुसरा प्रकार म्हणजे चुकांची व तक्रारींची नोंद. परंतु चुका नोंदविण्याचे प्रमाण त्या विभागातील वातावरणावर अवलंबून असते. जेथे प्रामाणिकपणे नोंद होते तेथे चुका अधिक दिसतात. तिसरा प्रकार म्हणजे रुग्णांची परिणामस्थिती: मृत्यू, संसर्ग, शय्याव्रण, पडून झालेल्या दुखापती. हा निकष सर्वांत महत्त्वाचा आहे. तथापि एका रुग्णाची काळजी तीन पाळ्यांतील अनेक परिचारिका घेतात. बऱ्या झालेल्या रुग्णाचे श्रेय किंवा दगावलेल्या रुग्णाचा दोष एकीच्या नावावर मांडणे बहुधा अशक्य असते.

याखेरीज काळाचाही प्रश्न आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या विकासाच्या नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण व तज्ज्ञ अशा पाच अवस्था मांडल्या. परवाना परीक्षा या प्रवासाच्या प्रारंभी होते. पाच वर्षांनंतरच्या कामावर त्या एका दिवसाच्या निकालापेक्षा मधल्या पाच वर्षांची छाप अधिक असणार, हे उघड आहे.

६. संख्याशास्त्रीय अडसर

मोजमाप साध्य झाले तरी निकाल व काम यांतील सहसंबंध कमी दिसण्यास आणखी एक कारण असते. अनुत्तीर्ण व्यक्तींना परवानाच मिळत नाही. त्यामुळे त्यांचे काम कधीच पाहावयास मिळत नाही. संशोधकासमोर केवळ उत्तीर्णांचा गट उरतो आणि त्या गटातील प्राप्तांकांचा विस्तार आक्रसलेला असतो. विस्तार आक्रसला की सहसंबंधही घटतो.

हे गणिताने स्पष्ट करता येईल. समजा, सर्व परीक्षार्थींना काम करू दिले असते तर परीक्षा व काम यांत ०.५० इतका सहसंबंध दिसला असता. निवडलेल्या गटातील प्राप्तांकांचे प्रमाण विचलन मूळच्या निम्मे झाले, तर सूत्रानुसार तोच सहसंबंध सुमारे ०.२८ एवढा दिसेल. त्यातच कामाचे मूल्यमापन वर उल्लेखिलेल्या ०.५२ विश्वसनीयतेचे असेल, तर हाती येणारा आकडा सुमारे ०.२० असेल. मूळ संबंध दखलपात्र असूनही अभ्यासकाला तो क्षीण भासेल आणि 'परीक्षेचा कामाशी संबंध नाही' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो निष्कर्ष चुकीचा ठरेल.

एनक्लेक्सच्या बाबतीत तर अडचण याहून मोठी आहे. निकाल केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा मिळत असल्याने सेवेत असलेल्या सर्वांचा निकाल एकच, 'उत्तीर्ण', असतो. ज्या चलात बदलच नाही त्याचा कशाशीही सहसंबंध काढता येत नाही. पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्या आणि पुनर्परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या परिचारिकांची तुलना एवढाच पर्याय उरतो. मात्र अनुत्तीर्ण उमेदवाराला किमान ४५ दिवसांनी पुन्हा परीक्षेस बसता येते व त्या काळात तो अधिक अभ्यासही करतो. त्यामुळे ही तुलनाही निर्दोष राहत नाही. या विषयावरील संशोधनाचा मोठा भाग महाविद्यालयीन गुणांवरून एनक्लेक्सच्या निकालाचे भाकीत कसे करता येईल यावर का खर्ची पडला, याचा उलगडा येथे होतो. त्या अभ्यासांत परीक्षा हेच अंतिम फल मानले गेले आहे. खाटेजवळचे काम त्यांच्या कक्षेबाहेर राहिले आहे.

७. उपलब्ध पुराव्याचे स्वरूप

७.१ नवोदित परिचारिकांची निर्णयक्षमता

परवाना मिळाल्यानंतर लगेच केलेल्या मूल्यमापनांनी चिंताजनक चित्र पुढे आणले आहे. डोरोथी डेल ब्युनो यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार नव्या पदवीधर परिचारिकांपैकी केवळ ३५ टक्के जणी चिकित्सात्मक निर्णयाबाबतच्या प्रवेशपातळीच्या अपेक्षा पूर्ण करीत होत्या. जोन कॅव्हना व क्रिस्टीन झ्वेडा यांच्या २०१७ मधील अभ्यासात २०११ ते २०१५ या काळातील पाच हजारांहून अधिक नवोदित परिचारिकांचा समावेश होता. त्यांत स्वीकारार्ह पातळी गाठणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्के आढळले. याच काळात अमेरिकेत शिकलेल्या व प्रथमच परीक्षेस बसलेल्या उमेदवारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक उमेदवार एनक्लेक्समध्ये उत्तीर्ण होत होते.

या दोन आकड्यांतील तफावत मोठी आहे. तथापि तिचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. वरील दोन्ही अभ्यासांत वापरलेल्या साधनात उमेदवाराला रुग्णस्थितीची चित्रफीत दाखवून तिची समस्या कोणती, तातडीने काय करावे व ते का, हे लिहावयास सांगितले जाते. तेही प्रत्यक्ष काम नव्हे. मात्र पर्यायांतून योग्य उत्तर ओळखणे आणि कोणताही पर्याय समोर नसताना समस्या स्वतः ओळखणे या दोन भिन्न क्षमता आहेत, हे त्यातून ठळकपणे दिसते. रुग्ण आपल्या लक्षणांसोबत चार पर्याय घेऊन येत नाही.

नियामक परिषदेनेही या उणिवेची दखल घेतली. १ एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचे नवे स्वरूप अमलात आले. त्यात उलगडत जाणाऱ्या रुग्णप्रकरणांवर आधारित प्रश्न असून सहा टप्प्यांचा विचार केला आहे: संकेत ओळखणे, त्यांचे विश्लेषण करणे, संभाव्य कारणांचा अग्रक्रम लावणे, उपाय सुचविणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे. अंशतः बरोबर उत्तरालाही त्यात गुण मिळतात. अमेरिकेत शिकलेल्या प्रथम परीक्षार्थींचे उत्तीर्णतेचे प्रमाण २०२२ मध्ये सुमारे ८० टक्के होते, ते २०२४ मध्ये सुमारे ९१ टक्के झाले. दोन वर्षांत नवोदित परिचारिकांचे काम तितक्याच प्रमाणात सुधारले, असे या वाढीवरून म्हणता येणार नाही. परीक्षेचे स्वरूप, गुणदानाची पद्धत, महाविद्यालयांची तयारी आणि कोविड काळातील विस्कळीत शिक्षणातून बाहेर पडणे या सर्व घटकांचा त्यात वाटा असू शकतो.

७.२ वैद्यकीय व्यवसायातील तुलनीय अभ्यास

जेथे गुण संख्येत जतन केले जातात तेथे परीक्षा व काम यांतील संबंध दिसून येतो. रॉबिन टॅम्ब्लिन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कॅनडातील ३,४२४ डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९३ ते १९९६ या काळात या डॉक्टरांनी राष्ट्रीय चिकित्साकौशल्य परीक्षा दिली होती. रुग्णाशी संवाद साधण्याच्या कौशल्यात कमी गुण मिळालेल्या डॉक्टरांविरुद्ध पुढील वर्षांत नियामक संस्थांकडे अधिक तक्रारी आल्याचे त्यात आढळले. जॉन नॉर्सिनी व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात परदेशात पदवी घेतलेल्या डॉक्टरांनी पेनसिल्व्हेनियात उपचार केलेल्या ६०,९५८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. परवाना परीक्षेच्या चिकित्साज्ञानविषयक टप्प्यातील प्रत्येक अधिक गुणामागे रुग्णमृत्यूचे प्रमाण ०.२ टक्क्याने कमी असल्याचे दिसले.

हे निष्कर्ष जसेच्या तसे परिचर्येला लागू करता येणार नाहीत. दोन्ही व्यवसायांतील जबाबदारीचे स्वरूप वेगळे आहे. तरीही त्यांतून दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे, परीक्षेतील ज्ञान व नंतरचे काम हे परस्परांपासून तुटलेले नाहीत. दुसरी म्हणजे, संवादासारखे कौशल्य परीक्षेत प्रत्यक्ष तपासले गेले, तेव्हा ते दशकभरानंतरच्या वर्तनाबद्दलही काही सांगू शकले. एनक्लेक्स ही संगणकावरील परीक्षा आहे; उमेदवार रुग्णाशी कसा बोलतो, हे तिच्यात पाहिले जात नाही.

७.३ परवाना समान, परिणाम भिन्न

अमेरिकेत पदविका, सहयोगी पदवी व पदवी अशा तीन मार्गांनी नोंदणीकृत परिचारिका होता येते. मार्ग भिन्न असले तरी परवाना परीक्षा सर्वांना एकच असते. लिंडा एकन व सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या माहितीवरून २००३ मध्ये दाखविले, की रुग्णालयातील पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी घटते. त्याच गटाच्या २००२ मधील अभ्यासात २,३२,३४२ रुग्णांचा समावेश होता. परिचारिकेकडे असलेल्या रुग्णसंख्येत एका रुग्णाची भर पडली की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले.

या दोन अभ्यासांचे महत्त्व प्रस्तुत विषयासाठी मोठे आहे. सर्व परिचारिका एकच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या होत्या. तरीही रुग्णांचे भवितव्य रुग्णालयागणिक बदलत होते. चार रुग्ण सांभाळणारी परिचारिका आणि आठ रुग्ण सांभाळणारी परिचारिका यांच्या ज्ञानात फरक नसेलही. फरक पडतो तो लक्ष देण्यास मिळणाऱ्या वेळेत. कार्यगुणवत्ता ही व्यक्तीच्या ठायी असलेली स्थिर वस्तू नसून व्यक्ती व कार्यपरिस्थिती यांच्या संयोगातून ती घडते. या संयोगातील केवळ एक घटक परीक्षा तपासते. नव्या परिचारिकेला पहिल्या वर्षात अनुभवी मार्गदर्शक लाभणे हाही असाच एक घटक आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय परिषदेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सेवाप्रवेशाचे सुस्थापित प्रशिक्षण कार्यक्रम असलेल्या रुग्णालयांत नवोदितांकडून होणाऱ्या चुका कमी आणि सेवेत टिकण्याचे प्रमाण अधिक आढळले.

८. निकालाचा उद्दिष्टाबाहेरील वापर

परवाना परीक्षेचा निकाल जेव्हा मूळ उद्दिष्टाबाहेर वापरला जातो, तेव्हा होणारे परिणाम तीन उदाहरणांवरून पाहता येतील.

पहिले उदाहरण अमेरिकेतीलच आहे. अनेक राज्यांत महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी पहिल्या प्रयत्नातील उत्तीर्णतेची किमान टक्केवारी, बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास, अपेक्षित असते. या दडपणाखाली काही संस्थांनी व्यापारी संस्थांच्या पूर्वचाचणीत ठरावीक गुण न मिळविणाऱ्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पदवीपासूनच रोखून धरण्याची धोरणे स्वीकारली. अभ्यासक्रमातील सर्व विषय उत्तीर्ण असूनही विद्यार्थी अडकून पडू लागले. २०१२ मध्ये परिचर्या शिक्षणाच्या राष्ट्रीय संघटनेला 'न्याय्य चाचणी'विषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करावी लागली. संस्थेची टक्केवारी सुधारली; शिक्षण सुधारले असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरे उदाहरण कॅनडाचे. जानेवारी २०१५ मध्ये क्युबेक वगळता बहुतांश प्रांतांनी आपली राष्ट्रीय परीक्षा बंद करून एनक्लेक्स स्वीकारली. त्या वर्षी प्रथम परीक्षार्थींचे उत्तीर्णतेचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर आले. जुन्या परीक्षेत ते याहून बरेच अधिक असे. महाविद्यालये तीच, अभ्यासक्रम तेच, रुग्णालयेही तीच होती. न्यू ब्रन्सविक प्रांतातील फ्रेंच माध्यमाच्या विद्यार्थ्यांना सर्वांत मोठा फटका बसला. फ्रेंच भाषेतील अनुवादित प्रश्न व तयारीच्या साहित्याचा अभाव यांविषयी तक्रारी झाल्या आणि २०१८ मध्ये त्या प्रांताच्या राजभाषा आयुक्तांनी परिचारिका संघटनेने भाषाविषयक कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. परीक्षेची भाषा परीक्षार्थीची नसेल तर परिचर्येचे ज्ञान आणि भाषेचे ज्ञान यांची सरमिसळ होते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

तिसरे उदाहरण फिलिपिन्सचे. तेथील २००२ च्या कायद्यानुसार उत्तीर्ण होण्यासाठी सरासरी किमान ७५ टक्के गुण आवश्यक असून कोणत्याही विषयात ६० टक्क्यांहून कमी गुण चालत नाहीत. प्रथम दहा क्रमांकांची यादी समारंभपूर्वक जाहीर होते. जून २००६ च्या परीक्षेतील तिसऱ्या व पाचव्या भागाचे प्रश्न फुटल्याचे उघडकीस आले. २००७ मध्ये परदेशी परिचारिकांची छाननी करणाऱ्या अमेरिकी आयोगाने त्या तुकडीतील उत्तीर्णांना ते दोन भाग पुन्हा दिल्याखेरीज अमेरिकेत नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र नाकारले. ज्यांनी प्रामाणिकपणे परीक्षा दिली होती त्यांच्याही परवान्यावर संशयाची छाया पडली. प्रत्येकीच्या कामात काहीही बदल झाला नव्हता. बदलला होता तो केवळ निकालावरील विश्वास. परवाना हा व्यक्तिगत गुणांचा दाखला असण्याइतकाच सामाजिक विश्वासाचा करार असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

९. भारतीय संदर्भ

भारतात परिचारिकांची नोंदणी परंपरेने स्वतंत्र परवाना परीक्षेवर आधारलेली नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची किंवा मंडळाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी करता येते. महाराष्ट्रात ही व्यवस्था महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये आकारास आली. या पद्धतीचा एक गुण असा, की अंतिम परीक्षेत लेखी भागासोबत प्रात्यक्षिकही असते. तिची मर्यादा अशी, की शिकविणारी व प्रमाणित करणारी व्यवस्था पुष्कळ अंशी एकच राहते आणि प्रात्यक्षिकातील गुणदान संस्थागणिक बदलू शकते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाने सत्र पद्धतीसह क्षमताधिष्ठित मूल्यमापनावर भर दिला आहे, ही स्वागतार्ह बाब होय. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केल्याने व्यवसायाच्या नियमनाचा प्रश्न नव्याने ऐरणीवर आला आहे.

दुसरीकडे, परदेशी सेवेसाठी भारतीय परिचारिका मोठ्या संख्येने एनक्लेक्स देतात. भारतात मुंबईसह काही शहरांत या परीक्षेची सोय करण्यात आली. शालेय शिक्षण मराठीतून झालेल्या आणि व्यावसायिक परीक्षा इंग्रजीतून देणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत न्यू ब्रन्सविकचा धडा लक्षात ठेवावयास हवा. अशा परीक्षेतील अपयश हे रुग्णसेवेतील अपात्रतेचे प्रमाण मानता येत नाही. आणि तेथील यश हे सेवेतील श्रेष्ठत्वाचेही प्रमाण नव्हे. परीक्षेच्या यशाची टक्केवारी जाहिरातीत छापणाऱ्या शिकवणी वर्गांच्या काळात विद्यार्थी व पालक यांनी हा भेद ओळखणे अगत्याचे आहे.

१०. निष्कर्ष

१) परवाना परीक्षेचा निकाल हा प्रवेशाच्या क्षणी असलेल्या किमान ज्ञानाचा व निर्णयक्षमतेचा दाखला आहे. सुरक्षित सेवेसाठी ही आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नाही.
२) निकाल व कार्यगुणवत्ता यांतील संबंध क्षीण दिसण्यास मोजमापाच्या मर्यादा मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. संबंध मोजता न येणे म्हणजे संबंध नसणे नव्हे.
३) जेथे गुण उपलब्ध आहेत तेथे, विशेषतः वैद्यकीय व्यवसायात, परीक्षा व रुग्णांची परिणामस्थिती यांत माफक परंतु अर्थपूर्ण संबंध आढळला आहे.
४) समान परवाना असूनही रुग्णसंख्येचा भार, शिक्षणाची पातळी व सेवाप्रवेशाचे प्रशिक्षण यांनुसार परिणाम बदलतात.
५) उत्तीर्णतेच्या टक्केवारीवरून व्यक्ती वा संस्था यांची गुणानुक्रमे मांडणी केल्यास परीक्षेचे मूळ प्रयोजनच बाधित होते.

११. सूचना

१) प्रवेशपातळीच्या मूल्यमापनात लेखी परीक्षेस वस्तुनिष्ठ, टप्पानिहाय प्रात्यक्षिक परीक्षेची जोड द्यावी. परदेशात शिकलेल्या परिचारिकांसाठी ब्रिटनने २०१४ पासून अशी द्विस्तरीय पद्धत अवलंबिली.
२) नवोदित परिचारिकेस पहिल्या वर्षी नियुक्त मार्गदर्शक व मर्यादित रुग्णभार मिळावा.
३) परिचर्या परिषदा, विद्यापीठे व रुग्णालये यांनी व्यक्तीची ओळख गुप्त राखून परीक्षेतील गुण व सेवेतील नोंदी परस्परांशी जोडाव्यात, त्याशिवाय भारतीय परिस्थितीतील संशोधन शक्य होणार नाही.
४) परीक्षेच्या भाषेमुळे होणारा परिणाम स्वतंत्रपणे तपासला जावा.

परवान्याने रुग्णाला दिलेली हमी परीक्षा दालनात सुरू होते, पण ती तेथे पूर्ण होत नाही. परिचारिका उत्तीर्ण झाली, एवढ्यावर परीक्षक मंडळाची जबाबदारी संपते. त्यानंतर तिला किती रुग्ण सोपविले जातात, अडचणीच्या वेळी तिच्या शेजारी कोण उभे राहते आणि चूक सांगण्याचे धैर्य तिला मिळते की नाही, यांची जबाबदारी रुग्णालयाची व शासनाची असते. निकालपत्रावरील एका शब्दाकडे बोट दाखवून ही जबाबदारी टाळता येणार नाही.